शिष्यवृत्तीच्या नावामागे कोण असतं? एका राजपुत्राच्या दोन स्मारकांची गोष्ट



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना काही नावं तोंडपाठ असतात. सारथीची छत्रपती शाहू महाराज राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती, बार्टीची बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती, महाज्योतीची महात्मा जोतिबा फुले संशोधन अधिछात्रवृत्ती. त्याआधी पदवीला असताना महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना भरलेली असते, नाहीतर पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. आपण नाव निवडतो, कागद अपलोड करतो आणि हप्त्याची वाट बघत बसतो. नावाकडे पुन्हा बघायला कुणाला वेळ आहे?

आज मात्र नावाकडेच बघू या. कारण ज्या शाहू महाराजांच्या नावाने आज आपल्याला फेलोशिप मिळते, त्यांनी स्वतः आपल्या तरुण मुलाच्या स्मरणार्थ दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली होती. एकाच मृत्यूनंतर त्यांनी एक सोडून दोन कामं हातात घेतली. त्यातलं एक आजही उभं आहे आणि दुसरं अर्ध्यात थांबलं. असं का झालं, हा आजचा प्रश्न.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. परभणीत बसून मातीच्या नमुन्यांवर काम करते. त्यामुळे इतिहासाकडेसुद्धा "कोणता घटक बदलला आणि काय परिणाम झाला" अशाच नजरेने बघायची सवय लागली आहे. ही सवय इतिहासात कुठपर्यंत चालते आणि कुठे अडते, तेही या गोष्टीत दिसेल.

आधी पार्श्वभूमी: बोर्डिंग का लागलं?

शाहू महाराज 1894 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आले. शाळा काढल्या, फी माफ केली, की खेड्यातली मुलं शिकतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अडचण शाळेत नव्हतीच. मुलगा गावाहून कोल्हापूरला आला तर राहणार कुठे आणि जेवणार कुणाकडे, हा खरा प्रश्न होता. त्या काळात भाड्याची खोली जात विचारून मिळायची आणि पंगतही जात बघून बसायची.

1896 मध्ये राजाराम कॉलेजशी जोडलेलं एक वसतिगृह सुरू झालं. कागदावर ते सगळ्यांसाठी होतं, पण थोड्याच काळात ते व्यवहारात एकाच जातीच्या मुलांचं होऊन बसलं. "सर्वांसाठी खुलं" असं लिहिल्याने दार सर्वांना उघडतंच असं नाही, हा धडा महाराजांनी त्यातून घेतला. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. दरम्यान 1902 मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेशही निघाला होता. नोकरी राखून ठेवायची, तर ती करायला शिकलेली मुलं हवीत, आणि मुलं शिकायला हवीत तर त्यांना राहायला छप्पर हवं. हा हिशोब सरळ होता.

नावांकडे लक्ष द्या. व्हिक्टोरिया ही इंग्लंडची राणी आणि मिस क्लार्क ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. या नावांना राजकीय वजन होतं. सरकारदरबारी आणि समाजात कुणी काम अडवायला आलं तर वर एक मोठं नाव दिसायचं. म्हणजे शिक्षणसंस्थेचं नाव ही तेव्हा कृतज्ञता होती, तशीच ढालही होती.

12 जून 1918

शाहू महाराजांना दोन मुलगे होते. थोरले राजाराम आणि धाकटे शिवाजी. धाकट्यांना सगळे प्रिन्स शिवाजी म्हणत. दोघांच्या शिक्षणाकडे महाराजांचं बारीक लक्ष होतं. त्यासाठी त्यांना इंग्लंडलाही पाठवलं होतं.

12 जून 1918 रोजी रानडुकराच्या शिकारीत प्रिन्स शिवाजींना अपघात झाला आणि त्यातच ते गेले. वय 19. आपल्याकडे ज्या वयात मुलं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतात, ते वय. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. पत्नी इंदुमती, सासवडच्या जगताप घराण्यातल्या. त्यांना बारावं वर्षही पुरं व्हायचं होतं.

आता एक योगायोग बघा. 1917 मध्येच महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता. त्याच वर्षी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेशही निघाला होता. म्हणजे विधवांचं पुढे काय आणि मुलांच्या शिक्षणाचं काय, हे दोन्ही प्रश्न त्यांनी प्रजेसाठी आधीच हातात घेतले होते. वर्षाच्या आत तेच दोन्ही प्रश्न घरात येऊन उभे राहिले.

दोन स्मारकं

पहिलं स्मारक सगळ्यांना माहीत आहे. 1920 मध्ये कोल्हापुरात श्री प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस निघालं. नावातला "फ्री" हा शब्द महत्त्वाचा. ज्यांच्याकडे वसतिगृहाचा खर्च द्यायलाही पैसे नाहीत, त्या खेड्यांतल्या मुलांसाठी ही सोय होती. आधीच्या बोर्डिंगांची नावं राणी आणि गव्हर्नरच्या घरातून आली होती. हे नाव स्वतःच्या घरातून आलं, आणि ते गेलेल्या मुलाचं होतं.

दुसऱ्या स्मारकाला कुणी स्मारक म्हणत नाही. मला मात्र ते म्हणावंसं वाटतं. ते म्हणजे इंदुमती राणीसाहेबांचं शिक्षण. राजघराण्यातल्या बालविधवेने पुढचं आयुष्य वाड्याच्या आत काढायचं, अशी तेव्हाची रीत. महाराजांनी घरातला विरोध बाजूला सारून सुनेच्या शिक्षणाची सोय केली. कोल्हापूरजवळ सोनतळीला त्यांना ठेवलं, शिकवायला माणसं नेमली आणि सोबतीला वेगवेगळ्या समाजांतल्या काही मुलीही शिकायला ठेवल्या. एकटीने शिकणं आणि बरोबरीच्या मुलींसोबत शिकणं यातला फरक त्यांना कळत होता. सुनेने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात पाठवायचा विचार होता. हे कॉलेज तेव्हा नवीन होतं, 1916 मध्ये सुरू झालेलं आणि फक्त स्त्रियांसाठी.

क्षणभर विचार करा. त्या काळातली राजघराण्यातली एक विधवा सून डॉक्टर झाली असती तर पश्चिम महाराष्ट्रातल्या किती घरांत मुलींच्या शिक्षणाची गोष्ट वेगळी झाली असती!

दुसरा मृत्यू

6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. वय फक्त 47. मुलगा जाऊन चार वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता दोन्ही स्मारकांचं पुढे काय झालं ते बघा. बोर्डिंग चालू राहिलं. त्या नावाची संस्था आज शंभरी ओलांडून गेली आहे आणि कोल्हापुरातलं न्यू कॉलेज तिच्याच छत्राखाली चालतं. इंदुमतींचं शिक्षण मात्र मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकलं नाही. दिल्ली राहिली, डॉक्टर होणं राहिलं. त्या खचल्या मात्र नाहीत. पुढे त्यांनी कोल्हापुरात स्त्रियांसाठी "ललितविहार" ही संस्था काढली आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर काम केलं. पण मूळ बेत मोडला, हे खरंच.

माझं म्हणणं असं आहे की कोणत्याही स्मारकशिष्यवृत्तीची खरी परीक्षा दुसऱ्या मृत्यूनंतर होते. पहिला मृत्यू त्या तरुण विद्यार्थ्याचा. तेव्हा दुःख ताजं असतं, माणसं जमतात, पैसा निघतो. दुसरा मृत्यू दुःख करणाऱ्याचा: आईचा, बापाचा, ज्याने निधी दिला त्याचा. त्यानंतर ते काम एका माणसाच्या इच्छेवर उभं होतं की व्यवस्थेवर, ते कळतं. बोर्डिंगला इमारत होती, व्यवस्था होती, दर जूनला दारात येणारी नवीन मुलं होती. इंदुमतींच्या शिक्षणामागे फक्त एक सासरा होता.

थांबा, निष्कर्ष इतका सोपा नाही

विज्ञानवाल्यांना हे उदाहरण फार आवडेल. एकच मृत्यू, एकच दाता, एकच गाव, एकच काळ. फक्त स्मारकाचं रूप वेगळं, आणि परिणाम वेगळा. जणू निसर्गानेच प्रयोग मांडून दिला. "संस्था टिकते, व्यक्तीची मर्जी टिकत नाही" असं लिहून आपण मोकळे.

पण प्रयोगशाळेत आपण काय विचारतो? दोन नमुन्यांत आणखी काय वेगळं होतं? इथे एक मोठा घटक वेगळा होता. बोर्डिंग मुलांसाठी होतं आणि दुसरं स्मारक एका मुलीचं होतं, तीही राजघराण्यातली विधवा. बोर्डिंग चालवण्याने वाड्यातल्या कुणाच्या प्रतिष्ठेला धक्का लागत नव्हता. सून दिल्लीला मेडिकलला जाणं ही गोष्टच वेगळी. म्हणजे दुसरं स्मारक थांबलं ते संस्था नव्हती म्हणून, की ती स्त्री होती म्हणून? एका उदाहरणावरून हे दोन घटक वेगळे काढता येत नाहीत. संख्याशास्त्रात याला आपण गोंधळात टाकणारा चल म्हणतो. इतिहासात असे चल पावलोपावली भेटतात आणि तिथे प्रयोग पुन्हा करून बघायची सोय नसते. मग एकच मार्ग उरतो: आणखी उदाहरणं शोधणं.

सातारा आणि कॅलिफोर्निया

कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले होते. शाहू महाराजांचं काम त्यांनी जवळून पाहिलं. 1919 मध्ये त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. ज्या माणसाने मुलाच्या नावाने बोर्डिंग काढलं, पाच वर्षांपूर्वी वारलेल्या त्याच माणसाच्या नावाने दुसरं बोर्डिंग चालायला लागलं.

इथे कुणी राजा नव्हता. मुलांना खायला घालायला पैसे नसायचे. लक्ष्मीबाई पाटील यांनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत ऐकलेलं आहे. पण नुसत्या त्यागावर शंभर वर्षं निघत नाहीत. रयतने दोन गोष्टी बसवल्या. एक मुष्टिफंड, म्हणजे घरोघरी दळताना मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचं. दुसरी "कमवा आणि शिका", म्हणजे मुलांनी स्वतः काम करून शिकायचं. दाता एक नव्हता, हजार होते. एक गेला म्हणून मूठ थांबत नव्हती. दुसऱ्या मृत्यूवरचा हा उपाय मला सगळ्यात हुशारीचा वाटतो.

आता एकदम लांबचं उदाहरण, कारण त्यात राजाचं राज्य नाही, पण पैसा प्रचंड आहे. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. त्याचं पूर्ण नाव लेलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर युनिव्हर्सिटी. हा "ज्युनिअर" म्हणजे रेल्वेच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या आईबापांचा एकुलता एक मुलगा. 1884 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला विषमज्वराने, म्हणजे टायफॉईडने, पंधराव्या वर्षी गेला. आईबापांनी ठरवलं की आता कॅलिफोर्नियातली मुलं हीच आपली मुलं. 1891 मध्ये विद्यापीठ सुरू झालं. सुरुवातीची अनेक वर्षं तिथे शिकवणीची फी नव्हती.

1893 मध्ये बाप गेला. म्हणजे दुसरा मृत्यू विद्यापीठ सुरू झाल्यावर दोनच वर्षांत आला. मालमत्ता कोर्टकचेरीत अडकली, सरकारने रेल्वेच्या कर्जापोटी दावा लावला. जेन स्टॅनफर्ड यांना घरखर्चासाठी कोर्टाने जो भत्ता मंजूर केला होता, त्यात त्यांनी प्राध्यापकांना आपले घरगुती नोकर दाखवून पगार दिले! 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागला आणि विद्यापीठ वाचलं. दिलेली जमीन विकायची नाही, ही अट आधीच घातलेली होती, त्यामुळे जमीनही हातची गेली नाही.

कोल्हापूर, सातारा, स्टॅनफर्ड. तिन्हीकडे जे टिकलं त्यामागे तीन गोष्टी दिसतात: न विकता येणारी मालमत्ता किंवा न आटणारा ओघ, दात्याच्या पश्चात निर्णय घेणारं कुणीतरी, आणि दरवर्षी नव्याने येणारी मुलं, जी "आमचं काय?" असं विचारू शकतात. इंदुमतींच्या बाबतीत यातलं एकही नव्हतं. आणि त्या स्त्री होत्या म्हणूनच या तिन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत, असंही म्हणता येईल. दोन कारणं एकमेकांत अशी गुंतलेली असतात.

मग आपल्या मराठवाड्यात काय?

1918 सालीच निजामाच्या राज्यात हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. भारतीय भाषेतून, उर्दूतून, उच्च शिक्षण देणारं ते देशातलं पहिलं विद्यापीठ. परभणी जिल्हा त्याच राज्यात. पण परभणीच्या मराठी शेतकऱ्याच्या पोराला शिकायचं तर दोन अडचणी होत्या. भाषा परकी आणि हैदराबाद लांब. तिथे पोहोचला तरी वसतिगृहात मोकळीक नव्हती. 1938 मध्ये "वंदे मातरम्" म्हणण्यावरून उस्मानियाच्या वसतिगृहांतच संघर्ष पेटला. विद्यार्थ्यांना काढून टाकलं आणि त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं.

मराठवाड्यात बहुतेक कॉलेजं आली ती मुक्तिसंग्रामानंतर. 1950 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. तेच आज आपण मिलिंद म्हणून ओळखतो. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. 1956 मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि 1972 मध्ये परभणीचं कृषी विद्यापीठ. आंबेडकर स्वतः बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेले होते आणि पुढच्या शिक्षणात शाहू महाराजांचीही मदत झाली होती. त्या मदतीचा ओघ मिलिंदच्या रूपाने मराठवाड्यापर्यंत आला, असं म्हणायला हरकत नाही.

आता एक कडू गोष्ट. 2015 च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने जीव दिला. एसटीच्या पासाला घरात पैसे नव्हते, हे कारण तेव्हा पुढे आलं. कुणाच्याही जाण्याला एकच कारण नसतं, हे लक्षात ठेवूनही ही बातमी वाचून गप्प बसावं लागलं होतं. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास देण्याची योजना सरकारने तिच्या नावाने जाहीर केली: स्वाती अभय योजना.

ही योजना आणि प्रिन्स शिवाजी बोर्डिंग शेजारी ठेवून बघा. बोर्डिंग एका राजपुत्राच्या नावाने, ज्याला स्वतःला अशा मदतीची कधीच गरज पडली नसती. पासाची योजना अशा मुलीच्या नावाने, जी त्या मदतीअभावी शिक्षणाच्या काठावर उभी होती. पहिल्यामागे बापाचं दुःख आणि त्याचा खजिना, दोन्ही होते. दुसऱ्या ठिकाणी दुःख घरच्यांचं आणि खजिना सरकारचा. अशा योजनेसाठी दुसरा मृत्यू म्हणजे काय? दुष्काळ सरला, बातमी जुनी झाली, मंत्री बदलले, की तोच दुसरा मृत्यू.

आणखी एक. 1918 च्या उत्तरार्धात इन्फ्लुएंझाची साथ आली. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि त्यात ऐन तारुण्यातल्यांचं प्रमाण मोठं होतं. प्रिन्स शिवाजींच्या वयाची किती मुलं गावोगावी गेली असतील? त्यांच्या नावाने काही उभं राहिलं नाही. म्हणून स्मारकांवरून इतिहास लिहिताना एवढं लक्षात ठेवा: आपल्यापर्यंत पोहोचलेली नावं ही ज्यांच्या मागे पैसा, जमीन किंवा सत्ता होती त्यांची आहेत. नमुना आधीच कुणीतरी निवडलेला आहे.

व्याजाचा हिशोब

आपल्या कॉलेजच्या वार्षिक अंकात शेवटच्या पानांवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" अशी पारितोषिकं असतात. रक्कम वाचून कधीकधी हसू येतं. हसू नका, हिशोब करा.

समजा, 1975 मध्ये एका आईने गेलेल्या मुलाच्या नावाने कॉलेजात 10,000 रुपये ठेवले. त्या वेळी ही रक्कम लहान नव्हती. व्याज 8 टक्के धरलं तर वर्षाला 800 रुपये, आणि ते सगळे पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला द्यायचे. महागाई सरासरी 7 टक्के धरा. 72 भागिले 7, म्हणजे साधारण दर 10 वर्षांनी किमती दुप्पट. 2025 पर्यंत पाच वेळा दुप्पट, म्हणजे 32 पट. आजच्या 800 रुपयांना 1975 च्या 25 रुपयांइतकीच किंमत उरते. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी नियम मोडला नाही. तरी शिष्यवृत्ती मेली, कारण व्याजातला महागाईचा वाटा मुद्दलात परत टाकायचा असतो हे करारात लिहिलेलंच नव्हतं. 8 टक्क्यांतले 7 मुद्दलात आणि 1 टक्का वाटायला, असं केलं असतं तर पहिली रक्कम 800 नाही, 100 रुपयेच दिसली असती. पण ती टिकली असती.

नोबेल पारितोषिकाचीही अशीच घसरण झाली होती. सुरक्षित रोख्यांतच पैसे ठेवायचं बंधन आणि कर, यामुळे पहिल्या काही दशकांत त्याची खरी किंमत बरीच उतरली. पुढे करमाफी मिळाली, 1953 मध्ये शेअर्समध्ये गुंतवणुकीची परवानगी मिळाली, तेव्हा ते हळूहळू सावरलं. नोबेलकडे नियम बदलून घेणारी माणसं होती. आपल्या कॉलेजातल्या त्या आईच्या निधीकडे कोण आहे?

तुम्हाला करता येईल असं काम

संशोधनाची पहिली सवय मोठ्या विषयापासून लागत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या एका स्मारकशिष्यवृत्तीवर वीस पानांचा अभ्यास करून बघा. हे पाच प्रश्न घ्या:

1. नाव कुणाचं आहे आणि नाव कुणी दिलं? दोघांच्या मधलं नातं काय?
2. पात्रता काय लिहिली आहे? जात, गाव, विषय, मुलगा की मुलगी, गुण की गरज? आणि वगळलं कुणाला?
3. मुद्दल काय होतं, कुठे ठेवलं, व्याजाचं काय झालं?
4. दात्याच्या मृत्यूनंतर निर्णय कोण घेतं?
5. ज्यांना मिळाली ते आज कुठे आहेत?

साधनं कुठे मिळतील? कॉलेजच्या इतिवृत्तांच्या वह्या, विद्यार्थ्यांची रजिस्टरं, जुने वार्षिक अंक. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयात तिची नोंद आणि हिशोबपत्रकं असतात. 1956 पूर्वीचं मराठवाड्यातलं काही शोधायचं तर हैदराबादकडे बघावं लागतं आणि उर्दू येणाऱ्या माणसाची मदत लागते. कोल्हापूरचं काही शोधायचं तर तिथल्या पुरालेखागारात मोडी वाचता आली पाहिजे. मोडीचे वर्ग सुट्टीत होतात, जरूर करा. आणि पाचवा प्रश्न फक्त माणसांना भेटूनच सुटतो. तिथे रेकॉर्डर लावण्याआधी परवानगी घ्या. गेलेल्या मुलाच्या घरी जाणार असाल तर पहिल्या भेटीत वही काढूच नका. चहा घ्या, फोटो दाखवला तर बघा, बोलतील तेवढं ऐका. निधीचा हिशोब दुसऱ्या भेटीत विचारता येतो.

एवढं केलंत की दिसेल, स्मारकशिष्यवृत्ती हे नुसतं दान नसतं. एका घराने "आमचं मूल शिकू शकलं नाही, निदान तुमचं शिकावं" असं म्हटलेलं असतं. ते म्हणणं पुढच्या पन्नास वर्षांत कुणीतरी पाळायचं असतं. शाहू महाराजांचं एक म्हणणं पाळलं गेलं, दुसरं नाही. त्या दुसऱ्याची किंमत एका स्त्रीने भरली, आणि ती डॉक्टर झाली असती तर ज्यांना तपासलं असतं त्या अनेक जणींनीही.

तुमच्यातलं कुणीतरी उद्या प्राध्यापक होईल, कुणी एखाद्या संस्थेच्या समितीवर जाईल. तिथे कपाटात अशी एखादी फाईल सापडेल, वरती एका तरुण मुलाचं किंवा मुलीचं नाव, आत 800 रुपयांचा हिशोब. ती फाईल बंद करून परत ठेवू नका. मुद्दल कसं वाढवता येईल, अट कशी सुधारता येईल, ते बघा. घरच्यांपैकी कुणी हयात असेल तर त्यांना कळवा की या वर्षी शिष्यवृत्ती कुणाला मिळाली.

अभ्यासाला शुभेच्छा!